अडीनडीसाठी राणीछाप रुपये घ्यावेत का?

प्रश्न: मी सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठच्या एका गावात राहतो. वय ४६, माध्यमिक शाळेत नोकरी. घरात आई, पत्नी आणि दोन मुले. २०१९ आणि २०२१ असे दोन्ही महापूर आम्ही सोसले. पहिल्या पुरात एटीएम बंद, मोबाइलला रेंज नाही आणि घरात रोख जेमतेम. त्यातच ज्या पतसंस्थेत थोडी ठेव होती ती अडचणीत आली; ते पैसे अजून अडकलेले आहेत. अमेरिकेतला चुलतभाऊ अडचणीच्या दिवसांसाठी जुनी चांदीची नाणी जमवतो आणि मलाही तेच सांगतो. आता एक जण १०० राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या चित्राचे, जुने चांदीचे रुपये द्यायला तयार आहे. नाण्याला २,६०० रुपये, सगळी एकदम घ्यायची, रोखीत, बिल नाही. जुना वाडा पाडताना भिंतीत सापडली असे तो म्हणतो. नाणी चकचकीत आहेत, चुंबकाला चिकटत नाहीत. माझी शिल्लक पावणेतीन लाख आहे. आईच्या पेटीतही असे ११ रुपये आहेत, त्यांतल्या दोघांना कडी लावलेली आहे. घेऊ का? आणि खरे-खोटे ओळखायचे कसे?

उत्तर: तो शंभर नाण्यांचा व्यवहार करू नका. इसार दिला नसेल तर देऊ नका, दिला असेल तर तेवढ्यावर सोडा. जुनी चांदीची नाणी घेण्यात चूक काहीच नाही. पण या भावाने, इतकी, या माणसाकडून आणि घरातली सगळी शिल्लक घालून घेण्यात मोठी चूक आहे.

आधी भाव पाहू. इंग्रजी अमदानीतला चांदीचा रुपया १८३५ पासून १९३९ पर्यंत एकाच मापाचा राहिला. वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे जुना एक तोळा, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. टक्क्यांत ९१.७. म्हणजे एका पूर्ण वजनाच्या रुपयात चोख चांदी १०.६९ ग्रॅम. किलोभर चोख चांदी व्हायला असे साडेत्र्याण्णव रुपये लागतात. म्हणून सूत्र सोपे आहे: त्या दिवशीच्या चोख चांदीच्या किलोच्या भावाला ९३.५ ने भागा, एका रुपयातल्या चांदीची किंमत आली. आजचे सराफ तोळा म्हणजे १० ग्रॅम धरतात, त्यामुळे ‘एक तोळ्याचा रुपया’ या शब्दावर भाव ठरवू नका. बोलणे ग्रॅममध्येच करा.

चांदीचा भाव रोज हलतो, म्हणून हिशेबाला सोपा असा किलोला १,८७,००० रुपये धरू. तर रुपयातली चांदी झाली २,००० रुपयांची. तो माणूस २,६०० मागतो, म्हणजे चांदीच्या वर तीस टक्के. उद्या तुम्ही विकायला गेलात की सराफ घट धरणार, म्हणजे चांदीच्या किमतीतून काही टक्के कापणार. सात टक्के घट धरली तर हातात १,८६० पडतील. शंभर नाण्यांवर दोन लाख साठ हजार घालून एक लाख शहाऐंशी हजारांची वस्तू घरात आली. नुसते मुद्दल सुटायला चांदी चाळीस टक्के वाढायला हवी. अडचण काही चांदी वाढायची वाट पाहून येत नाही.

दुसरे, ‘वाड्याच्या भिंतीत सापडली’ ही गोष्ट. ती खरी असेल तर मामला तुमच्यासाठी अधिकच वाईट. १८७८ चा गुप्तधनाचा कायदा आजही लागू आहे. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या बांधकामात दडवलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर ती जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावी लागते. न कळवता विकलेला माल घेणाराही चौकशीत ओढला जाऊ शकतो. आणि गोष्ट खोटी असेल, जी बहुतेक वेळा असते, तर ती बनावट माल खपवायची सर्वांत जुनी पद्धत आहे. आधी दोन-चार नाणी खरी दाखवायची, ती तुम्ही सराफाकडून तपासून आणायची आणि मग गठ्ठ्यात भलतीच यायची. शंभर-सव्वाशे वर्षे भिंतीत पडलेली चांदी चकचकीत असते हेही पटण्यासारखे नाही. ती काळवंडते. सगळीच्या सगळी सारखीच चमकत असतील तर एकतर ती घासलेली आहेत किंवा नवी आहेत.

आता चुलतभावाचा सल्ला. तो त्याच्या देशापुरता बरोबर आहे. अमेरिकेत १९६४ पर्यंतचे डाइम, क्वार्टर आणि अर्धा डॉलर ९० टक्के चांदीचे होते आणि ती नाणी आजही तिथले कायदेशीर चलन आहेत. त्यांचे घेण्याचे आणि विकण्याचे दोन्ही भाव व्यापारी रोज लावतात. आपल्याकडे तसे नाही. दुसऱ्या महायुद्धात चांदीची चणचण भासली तेव्हा सरकारने हे रुपये चलनातून काढून घेतले. राणीछाप १९४१ मध्ये बाद झाला, पाठोपाठ राजाछाप, म्हणजे एडवर्ड आणि जॉर्ज राजांच्या चित्राचा रुपया. म्हणजे अडचणीत तुमचा राणीछाप रुपया किराणा दुकानदार घेणार नाही, पेट्रोल पंपावर चालणार नाही, दवाखान्याच्या खिडकीवरही चालणार नाही. तो आधी सराफाकडे जाऊन मोडावा लागेल, आणि पुराच्या दिवसांत सराफाचे दुकान तुमच्याइतकेच पाण्यात असते.

म्हणून पैशांची क्रमवारी नीट लावा. पुरासाठी लागतात त्या नोटा: पन्नास, शंभर आणि दोनशेच्या, पंधरा-वीस हजारांच्या, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, कागदपत्रांच्या प्रती आणि आईंच्या महिनाभराच्या औषधांसोबत. पाच माणसांना माणशी रोज चार लिटर धरले तर तीन दिवसांचे साठ लिटर पिण्याचे पाणी. ही तयारी चांदीच्या आधीची आहे. त्यानंतर किमान चार-सहा महिन्यांचा घरखर्च दोन वेगवेगळ्या बँकांत. बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचे पाच लाखांपर्यंत संरक्षण असते, दर ठेवीदाराला, दर बँकेत, मुद्दल आणि व्याज धरून. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही. हा फरक आपल्या भागात अनेकांना ठेव अडकल्यावरच कळतो. तुम्ही तो भोगताच आहात, तेव्हा तिथे नव्याने काही ठेवू नका.

चांदी येते ती यानंतर. तिचा उपयोग आहे तो लांबणाऱ्या अडचणीत. २३ सप्टेंबर २०१९ ला पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह (पीएमसी) बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला एका खात्यातून हजार रुपयेच काढायची मुभा होती. अशा वेळी विमा असला तरी ते पैसे हातात यायला काळ जातो. आता कायद्याने त्याला ९० दिवसांची मुदत आहे. या ९० दिवसांत पाच रुपये मोडले, पुढच्या महिन्यात आणखी चार मोडले, असे चालू शकते. जुन्या रुपयाचा खरा गुण हाच. सोन्याची बांगडी अर्धी मोडता येत नाही, चांदीची अर्ध्या किलोची वीट सहज तोडता येत नाही. रुपया मात्र हवा तेवढाच काढता येतो आणि कुठल्याही गावचा जुना सराफ तो नजरेने ओळखतो.

त्यात किती घालायचे? आमचे मत स्पष्ट आहे: पावणेतीन लाखांत वीस हजारांच्या वर नको. चांदी जितकी चढते तितकीच कोसळतेही. जानेवारी १९८० मध्ये जागतिक बाजारात ती औंसाला ५० डॉलरच्या घरात गेली आणि मार्चअखेर ११ डॉलरच्या आसपास आली. एप्रिल २०११ मध्ये पुन्हा ५० च्या जवळ पोचली, २०१५ संपताना १४ च्या खाली होती. घरखर्चाची पुंजी अशा वस्तूत ठेवायची नसते. वरच्या भावाने वीस हजारांत नऊ-दहा रुपये बसतात. आईंच्या पेटीत ११ आहेतच. ते खरे निघाले तर तुमचा चांदीचा साठा आजच पुरेसा आहे आणि नवे काही न घेता हा विषय संपतो. त्यामुळे पुढचे सगळे आधी त्या अकरा नाण्यांवर करून पाहा.

पहिली तपासणी सालाची. याला भिंग आणि माहिती पुरते, आणि निम्मा खोटा माल इथेच गळतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या रुपयांवर दोनच साले असतात: १८३५, त्यावर राजा चौथा विल्यम, आणि १८४०, त्यावर तरुण व्हिक्टोरिया. १८४० चे साल घालूनच ती नाणी १८६१ पर्यंत पाडली गेली, म्हणून कंपनीचा १८५० किंवा १८५५ चा रुपया कुणी दाखवला तर तो खोटा. कंपनीचे नाव आणि १८१८ साल, आणि मागे राम दरबार, हनुमान किंवा ओम् असे ‘नाणे’ तर कंपनीने कधी पाडलेच नाही. ती अलीकडे ठोकलेली आहेत आणि बहुतेक पितळ-तांब्याची. १८६२ पासून मुकुटधारी राणी येते. १८७६ पर्यंत तिच्या नावापुढे इंग्रजीत ‘क्वीन’, १८७७ पासून १९०१ पर्यंत ‘एम्प्रेस’. १८९० सालाच्या नाण्यावर ‘क्वीन’ वाचले तर नाणे खाली ठेवा. सातवा एडवर्ड १९०३ ते १९१०, उघड्या डोक्याचा, मुकुट नसलेला. पाचवा जॉर्ज १९११ ते १९२२. त्यानंतर थेट १९३८ पर्यंत चांदीचा रुपया पाडलेलाच नाही, म्हणून १९२५ किंवा १९३० सालाचा राजाछाप म्हणजे उघड खोटा. १९३८ आणि १९३९ हे सहाव्या जॉर्जचे जुन्या मापाचे शेवटचे रुपये.

आणि इथेच सर्वांत मोठी गफलत होते. १९४० पासून १९४५ पर्यंतचे सहाव्या जॉर्जचे रुपये दिसायला तसेच, वजनाला तेच ११.६६ ग्रॅम, पण त्यांत चांदी निम्मीच. ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबे, पाच-पाच टक्के निकेल आणि जस्त. चोख चांदी ५.८३ ग्रॅम. ते खोटे नाहीत, सरकारी टांकसाळीचेच आहेत. पण राणीछापच्या भावाने घेतले तर तुम्ही जवळजवळ दुप्पट पैसे मोजले. कडेवरून ओळखा: जुन्या रुपयाची कड नुसती आडव्या रेघांची, करकरीत. या नव्या रुपयांच्या कडेवर रेघांच्या मधोमध गोल फिरणारी एक खाच असते. यांच्या किमतीसाठी किलोच्या भावाला १७१.५ ने भागा. १९४७ चा, मागे वाघ असलेला रुपया तर पूर्ण निकेलचा आहे. तो चुंबकाला टक्कन चिकटतो, चांदी त्यात अजिबात नाही.

मराठवाड्यातून आलेल्या नाण्यांत निजामाचा हाली सिक्का भेटतो, चारमिनारचे चित्र असलेला. तो खरा असला तरी हलका असतो: ११.१८ ग्रॅम आणि चांदी ८१.८ टक्के, म्हणजे चोख ९.१४ ग्रॅम. १९६९ चे गांधीजींचे दहा रुपयांचे नाणे १५ ग्रॅमचे, ८० टक्के चांदीचे, त्यात चोख १२ ग्रॅम. अधेली (आठ आणे) आणि पावली (चार आणे) १९३९ पर्यंत रुपयाच्याच कसाच्या, वजनाला निम्म्या आणि चौथाई. चवली (दोन आणे) १९१७ पर्यंतचीच चांदीची. घ्यायला हरकत नाही, पण लहान नाणी जास्त झिजलेली असतात, म्हणून ती नगावर घेऊ नका, वजनावरच घ्या.

दुसरी तपासणी वजनाची. एक शतांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. ऑनलाइन कुठेही मिळतो, फारसा महाग नाही. फार झिजलेला नसेल तर रुपया ११.४ ते ११.६६ भरतो. ११.२ च्या खाली गेला की संशय घ्या, ११.७५ च्या वर गेला तर अधिकच घ्या. नाणे वापरून वजन वाढत नाही. व्यास साडेतीस मिलिमीटरच्या किंचित वर हवा. वजन आणि व्यास दोन्ही एकत्र पाहा. तांब्यावर चांदीचा मुलामा दिलेले नाणे त्याच मापाचे केले तर सव्वादहा ग्रॅमच्याही खाली भरते. वजन जुळवायला ते जाड करावे लागते आणि मग खऱ्या नाण्याशेजारी चळत लावली की उंची चुगली करते. दहा खरी आणि दहा संशयित नाणी शेजारी शेजारी रचून पाहा.

चुंबकाचा भरवसा धरू नका. चांदी चिकटत नाही हे खरे, पण तांबे, पितळ, शिसे आणि जर्मन सिल्व्हर (तांबे-निकेल-जस्ताचा मिश्रधातू, त्यात चांदी नसते) हेही चिकटत नाही. बर्फावर नाणे ठेवायची युक्ती सांगतात, तीही तशीच. तांब्यावरही बर्फ झरझर वितळतो. आवाज ऐकावा. नाणे बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या रुपयाने हलके टिचकावले तर चांदी खणखणीत वाजते आणि आवाज रेंगाळतो. ओतीव किंवा शिसे भरलेले नाणे ठक्क करते. पण आवाज फक्त वाईट नाणे बाहेर काढतो, चांगल्याची खात्री देत नाही.

घरी करता येणारी सर्वांत खात्रीची तपासणी पाण्याची आहे, आणि ती करायला दहा मिनिटे पुरतात. काट्यावर पाण्याने पाऊण भरलेला छोटा प्लास्टिकचा पेला ठेवा आणि काटा शून्यावर आणा. आधी कोरड्या वजनाची नोंद केलेले नाणे शिवणाच्या बारीक दोऱ्याने बांधा आणि हातात धरून पाण्यात पूर्ण बुडवा. ते तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे हलवून घालवा, नाहीतर आकडा जास्त येतो. काट्यावर आता जो आकडा दिसेल तो नाण्याचे घनफळ आहे. कोरडे वजन भागिले हा आकडा. ९१.७ टक्के चांदीला उत्तर १०.३ च्या आसपास येते. ११.६६ ग्रॅमच्या रुपयाला काट्यावर १.१२ ते १.१४ दिसायला हवे. निम्म्या चांदीच्या रुपयाला १.२२ च्या जवळ दिसेल, उत्तर साडेनऊ. तांबे नऊच्या जरा खाली, जर्मन सिल्व्हर साडेआठच्या पुढे. एका नाण्याचा आकडा डगमगत असेल तर एकाच सालाच्या गटातली पाच नाणी एका जाळीत बांधून करा, चूक पाचात वाटली जाते. जाळीचे वजन आणि घनफळ मात्र आधी वेगळे काढून वजा करा.

हे झाल्यावर सराफाकडे जा. तुमच्या भागात हे काम सोपे आहे. विटा, खानापूर, आटपाडीच्या गलाईवाल्यांनी, म्हणजे सोने-चांदी गाळणाऱ्यांनी, देशभर पेढ्या थाटल्या, हुपरी गाव चांदीच्या दागिन्यांवर उभे आहे, कोल्हापूरच्या गुजरीत पिढीजात जाणकार बसतात. नाणे न कापता टंच, म्हणजे शुद्ध चांदीचा टक्का, दाखवणारे एक्स-रे मशीन बऱ्याच ठिकाणी आहे. थोड्या पैशांत छापील चिठ्ठी मिळते. रुपयाला ९० ते ९३ असा आकडा आला तर ठीक. पण हे मशीन नाण्याचा वरचा अगदी पातळ थरच वाचते. जाड मुलाम्याचे नाणे त्याला फसवू शकते, म्हणून मशीनची चिठ्ठी आणि पाण्याची तपासणी दोन्ही जुळली तरच खात्री. कसोटीच्या दगडावर घासू देऊ नका आणि तेजाब घरी आणू नका. डाग पडलेल्या नाण्याची किंमत उतरते आणि हात भाजतो तो वेगळाच.

भिंगातून काय पाहायचे तेही सांगतो, कारण एकदा नजर बसली की बाकीचे काम निम्मे होते. १९१२ नंतरचा पाचव्या जॉर्जचा रुपया घ्या. राजाच्या झग्यावर गळ्यातली साखळी आहे, तिच्यात एक इवलासा हत्ती लटकतो. खऱ्या नाण्यावर, झिजलेल्यावरही, त्याची सोंड पायांपासून वेगळी दिसते. १९११ च्या नाण्यावर ही सोंड आखूड पडली आणि हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून तेव्हा मोठी ओरड झाली. बहुतेक नाणी परत नेऊन वितळवली गेली, पुढच्या वर्षी ठसा बदलला. ओतीव बनावट नाण्यात हा हत्ती म्हणजे नुसता फुगवटा असतो. अक्षरांच्या कडा वापरून झिजलेल्या साबणासारख्या गोल, सपाट भागात सुईने टोचल्यासारखी बारीक भोके आणि कडेवर साच्याचे दोन भाग जुळल्याची रेघ. यातले एकही चिन्ह दिसले तरी ते नाणे बाजूला काढा.

१९११ चा निघाला, किंवा १९३९ चा, तर तो चांदीच्या भावाने कधीच मोडू नका. जाणकार नाणेसंग्राहकाला दाखवा. पण विकत घेताना याच्या उलट वागायचे. १९३९ चा रुपया इतका दुर्मीळ आहे की त्याच्या नकलाच जास्त फिरतात, १९३८ च्या आठाचा नऊ केलेलीही नाणी येतात. तुम्हाला संग्रह करायचा नाही. तुम्हाला हवा तो सर्वांत सामान्य रुपया: राणीच्या अखेरच्या वर्षांतला, एडवर्डचा किंवा १९१२ ते १९२० चा जॉर्ज, थोडा झिजलेला, ज्याला चांदीपलीकडे कुणी भाव देत नाही. दुर्मीळ म्हणून दिलेले पैसे अडचणीत परत मिळत नाहीत.

घ्यायचेच ठरले तर एकदम घेऊ नका. आधी आईंच्या परवानगीने त्यांचा एक रुपया, किंवा नवा घेतलेला एक, सराफाकडे मोडायला म्हणून न्या. ‘जुना रुपया कसा घेता, टंच किती धरता, घट किती, पैसे लगेच की दोन दिवसांनी?’ असे तीन पेढ्यांवर विचारा. कुणी ९० टंच धरेल, कुणी सरसकट ८० म्हणेल, कुणी म्हणेल आमच्याकडून नेला असेल तरच घेऊ. जो सर्वांत चांगला घेईल, त्याच्याकडूनच घ्या. विक्रीचा भाव आधी आणि खरेदीचा नंतर, हा क्रम उलटू देऊ नका. चांदीच्या किमतीवर आठ-दहा टक्क्यांपर्यंत जास्त द्यायला हरकत नाही. त्यापेक्षा सराफ जास्त मागत असेल तर थांबा. धनत्रयोदशीच्या आधीचा पंधरवडा मुद्दाम टाळा, कारण लक्ष्मीपूजनाला प्रत्येकाला राणीछाप हवा असतो आणि भाव फुगतो. त्याच दिवसांत राणीच्या चित्राची नवी पाडलेली पूजेची नाणीही जुनी म्हणून खपतात. दसरा-दिवाळी उलटून गेल्यावर घ्या.

बिलावर नग, एकूण वजन आणि टंच लिहून घ्या, पैसे यूपीआय किंवा चेकने द्या. सराफ जीएसटी लावेल, चांदीवर तो तीन टक्के आहे. तो परत मिळत नाही, हिशेबात धरा. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम एका व्यवहारात रोखीने घ्यायला कायद्याने मनाई आहे, म्हणजे तुमच्यापुढचा तो रोखीचा सौदा मुळातच त्यात बसत नव्हता. दोन वर्षांहून जास्त ठेवून नफ्यात विकल्यास साडेबारा टक्के कर, त्याआधी विकल्यास नफा तुमच्या उत्पन्नात धरला जातो. दोन्हींसाठी बिलच कामी येते. विकायचे नसेल तर कर्जाचाही मार्ग आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांत चांदीची नाणी एका कर्जदारामागे ५०० ग्रॅमपर्यंत तारण धरायची मुभा दिली आहे. विटा आणि लगडींवर कर्ज नाही. जुने रुपये तुमची शाखा घेईल का, ते आत्ताच जाऊन विचारा, अडचणीच्या दिवशी नको.

चुलतभावाला आठवण म्हणूनही यांतले नाणे पाठवू नका. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि ते देशाबाहेर नेण्यास खाजगी व्यक्तीला बंदी आहे. सामानात सापडले तर प्रवासी अडकतो.

ठेवण्याबद्दल. नाणी घासू नका, चिंच, राख, पावडर काही नको. काळेपणा हा पातळ थर आहे, त्याने वजन घटत नाही, घासल्याने मात्र घटते. रबर बँड लावू नका, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. मऊ, वासाच्या प्लास्टिकच्या पाकिटात काही वर्षांनी हिरवट चिकटा धरतो, वर्तमानपत्राचा कागदही नको. जाड सुती कापडात किंवा कडक प्लास्टिकच्या गोल डबीत, सोबत ओल शोषणाऱ्या पुड्या. लॉकरचा विचार करत असाल तर एक गोष्ट लक्षात घ्या: चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याच्या लबाडीने नुकसान झाले तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत असते, पण पूर, भूकंप, वीज यांनी झालेल्या नुकसानीची जबाबदारी बँकेवर नसते. तुमच्या गावात नदी बँकेतही शिरते. लॉकर घ्यायचाच तर उंचावरच्या शाखेत किंवा वरच्या मजल्यावरचा पाहा. घराच्या विम्यात नाणी स्पष्ट लिहून घेतल्याशिवाय सहसा धरली जात नाहीत; पॉलिसी असेल तर कंपनीला लेखी विचारा.

किती नाणी आहेत, कुठे आहेत, कुठल्या सराफाने किती टंच धरतो म्हणून सांगितले, हे एका कागदावर लिहून पत्नीजवळ द्या. मोडायची वेळ येईल तेव्हा तुम्ही दवाखान्यात असाल आणि जाणाऱ्या त्या असतील, असेही होऊ शकते. चार रुपयांचे वजन आणि किंमत कशी काढायची ते त्यांना एकदा काटा घेऊन दाखवा. बाहेर कुणाला सांगू नका, मुलांनाही नगांची संख्या कळायची गरज नाही.

आईंच्या कडी लावलेल्या दोन रुपयांबद्दल: कडी उपटू नका. कडी जोडायला डाग दिलेल्या (झाळलेल्या) जागी हलक्या कसाची चांदी असते, म्हणून सराफ त्यांची घट जास्त धरेल आणि पाण्याच्या तपासणीतही आकडा थोडा वेगळा येईल, त्याने घाबरू नका. संग्राहकाला त्यांची किंमत नाही, चांदी म्हणून मात्र पुरी आहे. मोडायची वेळ आली तर आधी हेच दोन काढा, नंतर फार झिजलेले, आणि चांगले शेवटी.